व्हाउचरवरचं नाव: एक सरपंच, त्याचा मेहुणा आणि गावाने विचारलेला प्रश्न

हे प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावचं. गावाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे दोन-चार तपशील बदललेत. मी त्या गावचा नाही. माहिती अधिकाराचे अर्ज नीट लिहून द्यायला कुणीतरी हवं होतं म्हणून मला बोलावलं, आणि पुढे दीड वर्ष मी जात-येत राहिलो. त्यामुळे तटस्थपणाचा आव आणत नाही.

पार्श्वभूमी

नदीकाठचं, उसाचं गाव. लोकसंख्या चार हजारांच्या आसपास, म्हणून ग्रामपंचायतीत 11 सदस्य आणि वर थेट जनतेतून निवडलेला सरपंच. डिसेंबर 2022 च्या निवडणुकीत दोन आघाड्या समोरासमोर होत्या. पक्ष कुठलेही असोत, आमच्या जिल्ह्यात गट आधी ठरतो. साखर कारखाना, गोकुळ दूध संघ, केडीसीसी म्हणजे जिल्हा मध्यवर्ती बँक, यांच्या निवडणुकांत जे जिकडे असतात ते ग्रामपंचायतीलाही तिकडेच. हे सांगायचं कारण एवढंच, की अशा गावात कुणीही काही विचारलं की पहिला उलटा प्रश्न येतो, ‘तू कुणाचा?’

निवडून आलेला सरपंच पंचेचाळिशीचा, कामाला वाघ. 2021 च्या जुलैमधल्या महापुरात तो सरपंच नव्हता, पण खालच्या गल्लीतली जनावरं रात्रीतून वर हलवली ती त्याने आणि त्याच्या मेहुण्याने. ते गाव विसरलेलं नाही. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात ठेवा, कारण गावकऱ्यांच्याही ते सतत ध्यानात होतं.

निवडणुकीनंतर दोन-अडीच महिन्यांत मेहुण्याने एक ट्रेडर्स नावाची फर्म काढली. कुलदैवताचं नाव, पुढे ट्रेडर्स. वर्षभरात गावात पेव्हिंग ब्लॉक बसले, दोन गल्ल्यांत बंदिस्त गटर झालं, खांबांवर एलईडी दिवे आले. कामं दिसत होती आणि लोक खूश होते.

जून 2024 मध्ये, पहिला पाऊस पडला आणि एका गल्लीतले ब्लॉक चाळीसेक फूट लांबीत खचले. गटराचं पाणी उलटून तीन घरांच्या उंबऱ्याला लागलं. त्याच आठवड्यात सकाळी दूध संस्थेत, फॅट लागायची वाट बघत रांगेत उभ्या असलेल्या एका बीकॉमच्या पोराने मोबाईलवर ई-ग्रामस्वराज उघडलं. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी कुठे खर्च झाला ते तिथे कुणालाही बघता येतं, व्हाउचरसकट. त्याने गावाचं नाव निवडलं, वर्ष निवडलं, आणि एकाच फर्मचं नाव खाली-खाली येत राहिलं. एकूण सात कामं, त्यातली पाच त्या ट्रेडर्सला. त्याने मोबाईल शेजारच्या माणसाला दाखवला. कॅन धुऊन लोक घरी पोचेपर्यंत अर्ध्या गावाला ठाऊक झालं होतं.

अडचण नेमकी कोणती

पहिल्या दोन दिवसांत गावात एकच वाक्य होतं: ‘पैसं खाल्लं.’ कोण म्हणे दोन लाख, कोण म्हणे पाच.

प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी गावात आहेत. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलंय, सरपंचही. त्यांच्या सोप्यात सात-आठ जण बसले तेव्हा गुरुजींनी एकच गोष्ट लावून धरली. पैसे खाल्ले हे आपल्याला माहीत नाही. ब्लॉक खचले हे माहीत आहे, आणि काम मेहुण्याला गेलं हेही. ठराव झाला तेव्हा सरपंच खुर्चीत होते की नव्हते, हे कागदावर बघता येईल. तेवढंच विचारायचं.

हा या प्रकरणातला पहिला आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. ‘खाल्ले’ म्हटलं की सिद्ध करण्याचं ओझं आपल्या डोक्यावर, आणि समोरचा अब्रुनुकसानीची भाषा सुरू करतो. ‘नात्यातल्याला काम देताना तुम्ही सभेतून बाहेर गेला होता का’ हा प्रश्न मात्र प्रोसिडिंग बुकातून, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीतून, सुटतो. शिवाय तो खरा नीतीचा प्रश्न आहे. मेहुण्याने काम सोन्यासारखं केलं असतं तरी तो उरलाच असता.

बैठकीतल्या तरुणांना हे मिळमिळीत वाटलं. एक जण म्हणालाच, “गुरुजी, चोराला चोर म्हणाय नको, असं का?” गुरुजी म्हणाले, “म्हण की. पण आधी मला पावती दाखव.”

समोर असलेले मार्ग

लाचलुचपत विभागाचा 1064 क्रमांक सगळ्यांना पाठ होता, पण इथे कुणी कुणाकडे लाच मागितलेली नव्हती. सापळा लावणार कशाचा? तो मार्ग तिथेच सोडला.

अविश्वास ठराव हा राजकारण्यांचा आवडता मार्ग. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं तो आणता येत नाही. पुढेही तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदान. शिवाय तो मार्ग धरला असता तर सगळं आपोआप विरोधी आघाडीचं झालं असतं.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 39 खाली गैरवर्तनाची तक्रार करता येते. जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी करतात आणि पदावरून काढायचं की नाही ते विभागीय आयुक्त ठरवतात. याला भरभक्कम कागद लागतात, आणि ते तेव्हा हातात नव्हते.

राहिली अपात्रता. त्याच कायद्याचं कलम 14 सांगतं, की पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात सदस्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा वा हितसंबंध असेल तर तो अपात्र. कलम 16 खाली कुणीही जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतो. शक्यतो 60 दिवसांत निर्णय द्यावा असं कायदा म्हणतो, निर्णय पटला नाही तर 15 दिवसांत अपील. ऐकायला हे अगदी चपखल वाटतं. पण ‘अप्रत्यक्ष हितसंबंध’ म्हणजे नातं, अशी गावोगाव समजूत आहे आणि ती चुकीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1966 सालच्या एका निकालात, बाप नगरपालिकेचा सदस्य आणि मुलगा तिथे नोकर अशा प्रकरणात, नुसतं नातं म्हणजे हितसंबंध नव्हे असं सांगितलंय. हिस्सा दाखवावा लागतो, पैशाची वाट दाखवावी लागते. ओळखीच्या वकिलांनी हे पहिल्याच भेटीत स्पष्ट केलं आणि फीही घेतली नाही.

मग उरली ग्रामसभा. आणि त्याआधी, गुरुजींच्या हट्टामुळे, सरपंचाच्या घरी जाऊन बोलणं.

काय केलं

आधी कागद. माहिती अधिकाराचे दोन स्वतंत्र अर्ज केले, कारण महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा. बरेच अर्ज इथेच मार खातात. लोक चार पानांची कैफियत लिहितात, त्यात भावकीचा जुना वादही घालतात. आमचा पहिला अर्ज पाच कामांचे ठराव आणि दरपत्रकं यांच्यासाठी, दुसरा मोजमाप पुस्तिका आणि व्हाउचरसाठी. प्रत्येकावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.

अर्ज कुणाच्या नावाने द्यायचा यावर मात्र एक अख्खी संध्याकाळ गेली. बीकॉमचा पोरगा तयार होता. त्याचे वडील नव्हते. शेवटी अर्ज गुरुजींच्या नावाने गेला. त्यांना पेन्शन आहे, शेत नाही, आणि कुणाच्या मेहरबानीवर त्यांचं काही चालत नाही.

30 दिवसांत उत्तर आलं नाही. पंचायत समितीत पहिलं अपील केलं. तेवढ्यात जुलैअखेर पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि सगळं थांबलं. पंधरा दिवस सरपंच, मेहुणा, गुरुजी, बीकॉमचा पोरगा सगळे एकाच ट्रॅक्टरवर दिसत होते. पूर ओसरला आणि अपिलात आदेश झाला, कागद दाखवा.

ऑगस्टमधल्या एका दुपारी आम्ही तिघं ग्रामपंचायतीत बसलो. पद आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालंय, पण गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं. ग्रामसेवक सभ्य होते, आणि अवघडलेलेही. पाचही ठरावांत सरपंच अध्यक्षस्थानी. पाचही ‘सर्वानुमते मंजूर’. एकाच लांब रस्त्याच्या कामाचे तीन तुकडे पाडलेले, प्रत्येक तुकडा निविदेच्या मर्यादेखाली बसणारा. नियमाप्रमाणे तीन-तीन दरपत्रकं जोडलेली होती, तीन वेगळ्या फर्मची, तीन वेगळ्या लेटरहेडवर. गुरुजींनी चष्मा पुसला, तिन्ही कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले आणि बोट ठेवलं. तिन्हीवर ‘पेव्हिंग बॉल्क’ लिहिलेलं. चाळीस वर्षं वह्या तपासलेला माणूस. म्हणाले, “तीन पोरांनी एकच चूक केली की कुणी कुणाचं बघून लिहिलं हे विचारावं लागत नाही.”

दुसरी गोष्ट पोराला दिसली. नालेसफाईच्या दोन व्हाउचरना जेसीबीच्या भाड्याची बिलं जोडली होती, त्यावर गाडीचा नंबर. एमएच 09 पासून पुढचा तो नंबर त्याने वाचला आणि गप्प झाला. बाहेर आल्यावर म्हणाला, “ही गाडी सरपंचांच्या वाड्यासमोर उभी असती. मेहुण्याची न्हवं, सरपंचांची.”

इथे प्रकरण बदललं. मेहुणा हे नातं होतं. स्वतःच्या गाडीचं भाडं ग्रामपंचायतीकडून घेणं हा हिस्सा होता. वकिलांनी मागितलेली पैशाची वाट बहुधा हीच होती. आम्ही पानाला दोन रुपये भरून त्या दोन व्हाउचरच्या नकला घेतल्या आणि त्या गुरुजींच्या ट्रंकेत गेल्या.

सरपंचाच्या घरची भेट

गणपतीच्या आधी गुरुजी आणि बचत गटाच्या एक बाई, सगळे त्यांना आक्का म्हणतात, सरपंचाकडे गेले. मला मुद्दाम नेलं नाही आणि तेच बरोबर होतं. त्यामुळे पुढचं आक्कांकडून ऐकलेलं.

चहा झाला. सरपंच आधी हसून टाळत होता, मग तापला. “गुरुजी, परक्याला दिऊ म्हणताय? परका ठेकेदार बिल निघालं की फोन उचलत न्हाई. ह्यो माणूस रातच्याला बोलावला तरी येतो. पुरात कोण आलतं?”

यात दम होता, हे आक्काही मान्य करतात. गावात जवळचा माणूस चुकार नसतो, त्याला तोंड दाखवायचं असतं. नात्यातल्याला काम देण्यामागे दर वेळी लबाडीच असते असं नाही, सोयही असते.

गुरुजी म्हणाले, “तो बरा असंल. मग दर उघड्यावर लाव, तू बाहेर जा, आणि बाकीच्यांनी त्यालाच दिलं तर मी हार घेऊन येतो. तुला मॉनिटर केला होता मी. तुझ्या भावाची वही तुला तपासायला दिली होती का?”

जेसीबीचा विषय निघाल्यावर सरपंच आत गेला आणि एक नोटरी केलेला कागद घेऊन आला. गाडी मेहुण्याला विकलीय, आरटीओत नाव लावायचं राहिलंय. कागदावरची तारीख पहिल्या व्हाउचरच्या आधीची होती, एवढं आक्कांनी पाहिलं. तो कागद त्या तारखेला झाला होता की नंतर, हे त्या सांगू शकत नव्हत्या. मीही सांगू शकत नाही.

सरपंच शेवटी म्हणाला, “ग्रामसभेत इचारा. उत्तर देतो.”

2 ऑक्टोबरची ग्रामसभा

ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल ते. या गावाला 100 माणसं लागत. गेल्या कित्येक ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाल्या होत्या, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग पंधरा-वीस जणांत सगळे विषय मंजूर. हे कुणी कट करून केलं असं नाही, गाव येतच नव्हतं.

लोक आणायचे कसे? इथे आक्कांनी बाजी मारली. त्यांनी मेहुणा, ठराव, कलम यातलं काहीच काढलं नाही. आदल्या दिवशीच्या महिला सभेत उंबऱ्याला लागलेलं गटराचं पाणी एवढाच विषय घेतला. त्या तीन घरांतल्या बायका बोलल्या, मग शेजारच्या. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेला साठावर बायका आल्या, त्यांच्या मागे पुरुष आले. हजेरी 140 च्या पुढे गेली.

दुसरी काळजी भांडणाची होती. सभेत कुणी टेबलावर हात आपटला, कागद ओढला, तर शासकीय कामात अडथळ्याचा गुन्हा लागू शकतो. जुनं 353, आता भारतीय न्याय संहितेचं 132. म्हणून ठरलं की बोलायचं फक्त तिघांनी, आणि लिहून आणलेलंच वाचायचं. ऐनवेळी हे पूर्ण पाळलं गेलं नाही, पण हात कुणी उगारला नाही.

गुरुजींनी तीन प्रश्न वाचले. पाच कामं ज्या फर्मला गेली तिचा मालक सरपंचांचा कोण लागतो? ठरावाच्या वेळी सरपंच सभेत होते का? तीन दरपत्रकं कुणी आणून दिली? सरपंचाने पहिल्या दोन प्रश्नांची सरळ उत्तरं दिली: मेहुणा, आणि होय. तिसऱ्याला म्हणाला, ग्रामसेवकांना विचारा. ग्रामसेवक म्हणाले, फाइल तयार होऊनच आली होती. मागून एका बाईंनी मोठ्याने विचारलं, “चालत आली व्हय?” सभा हसली. सरपंचही हसला आणि तिथे हवा बदलली.

जेसीबीचं काय? गुरुजींनी तो विषय सभेत काढलाच नाही. घरी जे बोलणं झालं ते घरीच ठेवलं. बीकॉमचा पोरगा यावर अजून नाराज आहे.

ठराव असा झाला: कुठल्याही कामाच्या ठरावाआधी प्रत्येक सदस्याने ठेकेदाराशी आपलं नातं आहे की नाही ते सांगावं. असेल त्याने उठून बाहेर जावं, आणि तसं प्रोसिडिंगमध्ये लिहावं. दरपत्रकं फलकावर लावावीत. मोजमाप होताना पाच गावकरी हजर असावेत, त्यात दोन बायका. खचलेले ब्लॉक ठेकेदाराने स्वखर्चाने पुन्हा बसवावेत. ग्रामसेवक लिहायला कचरत होते. नात्याच्या माणसाने उठून जावं असं कलम त्यांना सापडत नव्हतं. सरपंचच म्हणाला, “लिवा. मी सही करतो.”

त्याने हे का केलं याबद्दल गावात दोन मतं आहेत. गुरुजी म्हणतात, लाजला. आक्का म्हणतात, बायका मोजल्या.

आणखी एक निर्णय, जो अजून बोचतो

नोव्हेंबरमध्ये विरोधी आघाडीच्या पराभूत उमेदवाराने जिल्हाधिकाऱ्यांकडे अपात्रतेचा अर्ज केला. आम्हाला आधी विचारलं नाही. अर्ज केल्यावर मात्र तो गुरुजींकडे आला: तुमच्याकडे काय कागद आहेत ते द्या.

कागद होते. जेसीबीची व्हाउचरं ट्रंकेत होती, आणि त्याच्या अर्जात होतं ते फक्त मेहुण्याचं नातं.

गुरुजींनी नकार दिला. म्हणाले, ग्रामपंचायतीतून नकला मिळतात, अर्ज कर, तुलाही मिळतील. त्याने कधी अर्ज केला नाही. गुरुजींचं म्हणणं असं, की हे कागद त्याच्या हातात पडले असते तर 2 ऑक्टोबरला आलेल्या बायका पुन्हा आल्या नसत्या. त्यांना सांगितलं होतं की हे गटाचं काम नाही.

याच सुमारास पंचायतीतला एक सदस्य, जो ठरावाच्या बाजूने बोलला होता, एकाएकी गप्प झाला. त्याच्या वडिलांचा गोठा गायरानात आहे. कुटुंबाच्या अतिक्रमणाचा वापर करणारा सदस्यही अपात्र ठरू शकतो असा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल आहे, आणि तो निकाल त्याला कुणीतरी प्रिंट काढून नेऊन दिला. नीतीचा कायदा गावात असाही वापरला जातो.

2025 च्या उन्हाळ्यात अर्ज फेटाळला गेला. नातं मान्य, हितसंबंध सिद्ध नाही. अपिलाचे 15 दिवस अर्जदाराने घालवले. पुढे ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं तेव्हा ‘आता मुंबईला जायचं काम न्हाई’ म्हणून तो चार दिवस रिट याचिकेच्या गोष्टी करत होता. तेही झालं नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी चौकात डिजिटल फलक लागला. सरपंचाचा फोटो, खाली ‘सत्याचा विजय’. फटाके वाजले. मेहुण्याचा फोटोही होता, थोडा लहान.

निष्पत्ती

ठरावाने काही बदललं. खचलेले चाळीस फूट ब्लॉक महिनाभरात पुन्हा बसले, ट्रेडर्सच्याच खर्चाने. त्यानंतरच्या वर्षात त्या फर्मला गावाचं एकही काम गेलं नाही. डिसेंबर 2024 च्या मासिक सभेत एका कामात सरपंचाच्या चुलतभावाचं दरपत्रक होतं. सरपंच उठला आणि बाहेर व्हरांड्यात दहा मिनिटं पेपर वाचत बसला. प्रोसिडिंगला ती नोंद आहे. ती मी स्वतः वाचलीय आणि खोटं का बोलू, बरं वाटलं.

पण पुढचं गटर शेजारच्या गावच्या ठेकेदाराला गेलं, आणि त्याने खोदून ठेवून चार महिने तोंड दाखवलं नाही. पावसात तो चर तसाच उघडा होता. सरपंचाचं ‘परका फोन उचलत न्हाई’ अक्षरशः खरं झालं, आणि तो ते भेटेल त्याला सांगतो.

पाच जणांच्या देखरेख समितीतले दोघं आता येत नाहीत. एकाच्या जावयाला ग्रामपंचायतीत नळजोडणीचं काम हवं होतं. दुसऱ्याने कारण दिलं नाही.

बीकॉमच्या पोराच्या वडिलांच्या उसाची तोड त्या हंगामात लांबली. टोळी दोनदा शेजारच्या रानापर्यंत येऊन वळली. योगायोग असेलही, तोडीचं गणित दर वर्षी विस्कटतं. घरात मात्र तसं कुणी मानत नाही, आणि पोरगा आता पुण्यात नोकरीला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

जेसीबीचा प्रश्न लपवायला नको होता, असं माझं मत आहे आणि गुरुजींना ते ठाऊक आहे. पराभूत उमेदवाराला कागद न देणं ठीक. पण मग गुरुजींनी किंवा आक्कांनी स्वतःच्या नावाने, त्या दोन व्हाउचरसह, वेगळा अर्ज करायला हवा होता. नोटरीचा कागद खरा की खोटा हे ठरवणं आपलं कामच नव्हतं. ते सुनावणीत ठरलं असतं. आम्ही सरपंचाच्या घरी, चहा पिता पिता, न्यायाधीश झालो. त्याला संशयाचा फायदा दिला आणि गावाला तो दिलाय हे सांगितलं नाही. फेटाळलेल्या अर्जाने मग त्याला जे प्रमाणपत्र मिळालं त्यात आमच्या गप्प बसण्याचाही वाटा आहे.

गुरुजींचं उत्तर: “सरपंच गेला असता, पोटनिवडणूक लागली असती, दोन्ही आघाड्यांनी पैसं वाटलं असतं, आणि व्हरांड्यात पेपर वाचणारा सरपंच गावानं बघितला नसता.” हेही मला खोडून काढता येत नाही.

दुसरी चूक साधी होती. सभेचं चित्रीकरण आपणच अख्खं करून ठेवायला हवं होतं. कुणीतरी ‘चालत आली व्हय’ एवढाच तुकडा कापून, त्याला गाणं लावून व्हॉट्सअॅपवर फिरवला. त्यात सरपंच हसताना दिसतो तो निर्लज्जासारखा, आणि ठरावावर सही करतो तो भाग नाही. त्या क्लिपनंतर सरपंचाची बायको आक्कांशी दोन महिने बोलली नाही.

तिसरं, ठराव एकदा झाला की तो जिवंत ठेवायला माणूस लागतो, याचा आम्ही विचारच केला नव्हता. ग्रामसभा वर्षातून चार. मासिक सभा बारा. त्या बाराला कोण बसणार हे 2 ऑक्टोबरलाच ठरवायला हवं होतं.

सध्या

गेल्या खेपेला आम्ही प्रोसिडिंग बुक बघायला बसलो तेव्हा शेवटच्या तीन सभांत प्रत्येक ठरावाखाली एकच ओळ होती: ‘उपस्थित सदस्यांपैकी कोणाचाही ठेकेदाराशी हितसंबंध नाही.’ अक्षर सारखं, उंची सारखी, शाई जांभळी. गुरुजींनी वही तिरकी धरली. रबरी शिक्का होता. आक्कांनी ग्रामसेवकांना विचारलं, सभेत हे विचारता का, की नुसता मारता? ते म्हणाले, “विचारतो ओ. कधी कधी.”

शिक्क्याचं व्हाउचर आम्ही काढायला लावलं. कोल्हापुरातल्या एका दुकानाचं बिल होतं. दुकानदार कुणाचा कोण लागत नव्हता, तेवढं बघून घेतलं.